वाचकांचे प्रश्न: सोनं द्यायला येणारे वाईनवाले दोस्त

मागच्या अंकात मी माझ्या वाईनमेकर दोस्तांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, दर वर्षी नवरात्रात ते कोल्हापूरला येतात एवढंच, तर त्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि यातलीच पाच पत्रं घेतोय. नवीन वाचकांसाठी सांगतो, माझं दुकान शाहूपुरीत आहे आणि तीस वर्षं मी स्वतः काऊंटरला उभा राहतो.

प्रश्न: काका, मी इचलकरंजीचा, वय 27. वडिलांचं वाईन शॉप गेल्या वर्षीपासून मी बघतोय. फेब्रुवारीत नाशिकला एका वाईन फेस्टिव्हलला गेलो होतो, तिथं तीन-चार वाईनमेकर भेटले, फोटो झाले, नंबर घेतले, एकानं दोन बाटल्या गिफ्ट पण दिल्या. आता त्यांचे मेसेज येतात की भावा आमचा माल पुढच्या रॅकला लाव, स्कीम देतो. वडील म्हणतात धंद्यात दोस्ती नसते. तुमची तर दिसते. मग खरं काय?

उत्तर: भावा, पहिली गोष्ट, वडिलांना उडवून लावू नको. ते जे बोलतायत ते कुठंतरी पैसे बुडवून शिकलेले असणार. पण माझा अनुभव वेगळा आहे, तो सांगतो, मग तूच ठरव.

फेब्रुवारीतला फेस्टिव्हल ही वाईन बनवणाऱ्याशी दोस्ती करायची जागाच नाही. का ते बघ. आपल्याकडं वाईनच्या द्राक्षाची काढणी जानेवारीत सुरू होते ती मार्चपर्यंत चालते, आणि फेस्टिव्हल पण त्याच दिवसांत. नाशिकच्या सुला वाइनरीचा सुलाफेस्ट 2008 ला सुरू झाला तो पण फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच व्हायचा, कारण आलेल्या पाव्हण्यांना वेलीला घड दिसले पाहिजेत, पायानं द्राक्षं तुडवायला मिळाली पाहिजेत. लोकांसाठी ते मस्तच आहे, मीही जाऊन आलोय. पण जो माणूस वाईन बनवतो त्याची त्या दिवसांत धड चार तास झोप होत नाही. ऊन चढायच्या आत माल तोडायचा, क्रेट गार आहेत तोवर क्रशरला घालायचे, व्हाईटचा टँक पंधरा-सोळा डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नाही, रेडच्या टँकात साली वर येऊन जाड थर धरतात तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा, आणि मध्येच कधीतरी आंघोळ करून स्टॉलवर येऊन तुझ्यामाझ्याशी हसून बोलायचं. तो बोलतो तुझ्याशी, पण जीव सगळा टँकात अडकलेला असतो.

माझी पहिली ओळख अशीच स्टॉलवर झाली. हात मिळवला तर त्याच्या नखांत आणि बोटांच्या पेरांत काळा-जांभळा रंग बसलेला, म्हटलं शाई सांडली काय, तर म्हणाला शिराझ द्राक्षाचा रंग आहे, एप्रिलपर्यंत जात नाही हो. त्या दिवशी मी त्याला ऑर्डर दिली नाही आणि त्यानं मागितली पण नाही. निघताना मी एवढंच म्हटलं, तुमचं काम हलकं झालं की कोल्हापूरला या, अंबाबाईचं दर्शन घडवतो.

आणि तो आला. ऐन नवरात्रात आला.

आता नवरात्रात आपल्या धंद्याचं काय असतंय ते तुला सांगायला नको. निम्मं गिऱ्हाईक नऊ दिवस बाटलीला शिवत नाही, गल्लीत निम्मे लोक अनवाणी, आणि माझ्या घरी घट बसलेले, घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणजे वाईनवाला वाईन शॉपवाल्याच्या घरी मुक्कामाला आणि बाटली उघडायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या दिवशी पंचमी होती. त्र्यंबोलीच्या यात्रेला आम्ही टेंबलाईच्या टेकडीवर गेलो, पालख्या आल्या, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटला, त्याच्या तुकड्यासाठी जी झुंबड उडते त्यात हा पण घुसला आणि एवढासा तुकडा घेऊन आला, शर्टाचं बटण तुटलेलं. तो तुकडा त्यानं रुमालात बांधून बागेत ठेवायला नेला.

रात्री गच्चीवर बसलो. साबुदाण्याची खिचडी आणि ताक. आणि दीड वाजेपर्यंत आम्ही फक्त परतीच्या पावसावर बोललो. त्याचा सगळा घोर ऑक्टोबर छाटणीचा होता. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, आणि ऑक्टोबरची ही फळासाठी, हे मला ऐकून माहीत होतं. पण छाटणी लवकर घेतली आणि वरून परतीचा पाऊस झोडपून गेला तर कोवळ्या फुटीवर डावणी हा बुरशीचा रोग येतो, आणि पावसाला भिऊन उशीर केला तर काढणी मार्चच्या उन्हात जाते, मग साखर भराभर चढते, आंबटपणा उतरतो आणि वाईन मळमळीत होते, हे त्यानं मला त्या रात्री खिचडीच्या ताटलीत बोटानं रेघा ओढून समजावलं. मी तोवर सोळा वर्षं बाटल्या विकत होतो. या वर्षीची चांगली आणि गेल्या वर्षीची जरा पातळ असं गिऱ्हाईकाला सांगत पण होतो. पण ते का, हे मला त्या दिवशी कळलं.

याला चौदा वर्षं झाली. आता तिघं येतात, एक नाशिककडचा, एक सांगलीकडचा, एक सोलापूर जिल्ह्यातला. तिघं एकमेकांचे धंद्यातले स्पर्धक आहेत, माझ्या एकाच रॅकवर तिघांचा माल आहे, पण दसऱ्याला संध्याकाळी आम्ही चौघं दसरा चौकात एका ओळीत उभे असतो. शमीपूजन होतं, सोनं लुटलं जातं, मग आपट्याची पानं एकमेकांच्या हातात देऊन गळाभेट, घरी येऊन आईच्या पाया पडतात, जेवतात आणि रात्रीच निघतात कारण सकाळी बागेत मजूर येणार असतात.

आता दोस्ती खरी का खोटी, हे मला कधी कळलं ते सांगतो. 2019 च्या ऑगस्टचा महापूर. माझ्या गोडाऊनमध्ये छातीएवढं पाणी होतं, हायवे शिरोलीजवळ बंद, चार-पाच दिवस आम्ही आत जाऊ शकलो नाही. पाणी उतरल्यावर शटर वर केलं तर आतला वास अजून नाकात आहे. पेट्यांचा लगदा झालेला, लेबलं सुटून भिंतीला चिकटलेली, आणि चिखलात शेकडो बाटल्या, कुठली कुठली हे ओळखता येईना. रस्ता सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीकडचा दोस्त दारात उभा. त्याच्या स्वतःच्या गावाकडं पाणी होतं. गमबूट घालून आत आला आणि तीन दिवस माझ्याबरोबर बसून बाटल्या वेगळ्या केल्या, बुडाचा खळगा किती खोल आहे, वरची कॅप कुठल्या रंगाची आहे यावरून तो सांगायचा ही अमक्याची, ही तमक्याची. एक्साईजच्या पंचनाम्याला मोजणी लागते ना, त्यासाठी. आणि त्यानंच मला बजावलं की बूच शाबूत दिसलं तरी पुराचं पाणी लागलेली एकही बाटली विकायची नाही, त्याच्या स्वतःच्या मालाची सुद्धा नाही. सगळं नष्ट केलं. त्या वर्षी त्यानं माझ्याकडं उधारीचा विषय दसऱ्यापर्यंत काढला नाही, आणि दसऱ्याला पण मीच काढला.

म्हणून तुझ्यासाठी सांगतो. त्या गिफ्टच्या दोन बाटल्या घरी ठेव, दुकानाच्या रॅकला चुकूनसुद्धा लावू नको, दुकानातला माल बिलावर आणि एक्साईजच्या वाहतूक पासवर येतो आणि रजिस्टरला चढतो, त्यात दोस्तीची बाटली मिसळली की उद्या तुलाच जड जाईल. स्कीम घ्यायची तर हिशोबाला धरून घे, सगळेच घेतात. पण पुढच्या रॅकला काय लावायचं ते तुझ्या जिभेनं आणि गिऱ्हाईकाच्या परत येण्यानं ठरव. आणि त्या तिघा-चौघांपैकी जो तुला माल विचारायच्या आधी तुझ्या वडिलांची तब्येत विचारतो, त्याला या नवरात्रात घरी बोलव. बघ येतो का.

प्रश्न: काका, आमच्या ह्यांचे एक मित्र पुण्याजवळ वाइनरीत आहेत, ते बायको-मुलीसह अष्टमीला आमच्याकडं राजारामपुरीत येणार आहेत. घरी घट आहेत, सासूबाई कडक. हे म्हणतात वाईनवाला माणूस, त्याला नुसतं पन्हं-सरबत दिलं तर काय वाटेल. मला टेन्शन आलंय.

उत्तर: ताई, काही टेन्शन घेऊ नका. ज्याचा रोजचा धंदा वाईनचा आहे त्याला तुमच्या घरी वाईनची अपेक्षा अजिबात नसते, रोज सकाळी चव घेऊन थुंकायचं हेच त्याचं काम असतंय, घरचं जेवण मिळालं की तो सुखावतो. माझ्या दोस्तांनी आईच्या हातची राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी मागून मागून खाल्लीय. अष्टमीला रात्री अंबाबाईची नगरप्रदक्षिणा असते, ती त्यांना जरूर दाखवा, मुलीला तर फारच आवडेल, वाटेवर रांगोळ्या असतात. फक्त दर्शनाची वेळ आधी बघून ठेवा, गर्दीत लहान पोरीचे हाल होतात. आणि पाव्हण्यांनी बाटली भेट आणलीच तर सासूबाईंसमोर अवघडून जाऊ नका, ह्यांना आधीच फोनवर सांगू दे की घट उठल्यावर उघडू. समजून घेणारी माणसं असतात ती. पुढच्या जानेवारीत तुम्हीच त्यांच्याकडं जा, काढणी बघायला.

प्रश्न: मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. तीन एकर सोनाका आहे. दर पडला की बेदाणा करतो. माझा एक मित्र वाइनरीत कामाला आहे, तो म्हणतो एक एकर वाईनची जात लाव, माल आम्हीच घेतो, तू आपला माणूस आहेस. तुमच्या ओळखी आहेत म्हणून विचारतो, लावावी का?

उत्तर: दादा, हा प्रश्न वाचून मी माझ्या सांगलीकडच्या दोस्ताला फोन केला आणि अर्धा तास बोललो, कारण यात चुकलं तर तुमची दहा-बारा वर्षं जातात.

तुम्ही बेदाण्याचं लिहिलंय तेच खरं कळीचं आहे. सोनाका किंवा थॉमसनला बाजारात दर नाही मिळाला तर वाळवायच्या रॅकवर टाकून बेदाणा होतो, म्हणजे तुमच्याकडं दुसरा रस्ता आहे. वाईनच्या द्राक्षाला तो रस्ता नाही. काबर्ने, शिराझ यांचा मणी वाटाण्याएवढा, आत बी, साल जाड. खायला कोण घेणार, आणि बेदाणा तर विसराच. साल जाड हवी असते कारण रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा सगळा सालीतूनच येतो. म्हणजे गिऱ्हाईक एकच, वाइनरी. ती नाही म्हणाली की माल वेलीवर सुकणार.

आपल्या भागात हे एकदा होऊन गेलंय. 2001 ला राज्याचं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं, नाशिककडं विंचूरला आणि इकडं पलूसला वाईन पार्क झाले, तेव्हा पुष्कळांनी हौसेनं वाईनच्या जाती लावल्या. 2008-09 च्या मंदीनंतर माल पडून राहिला, पेमेंट अडकली आणि लोकांनी चांगल्या जोमातल्या बागा मुळासकट काढल्या. तेव्हा माझ्या दुकानात एक शेतकरी येऊन रॅकवरच्या बाटलीकडं बघत उभा राहिला होता, म्हणाला, यात माझी द्राक्षं आहेत आणि माझे पैसे अजून आले नाहीत. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, दुसरं काय करणार.

म्हणून लावू नका असं मी म्हणत नाही. पण मित्र वाइनरीत कामाला आहे, मालक नाही, उद्या तो नोकरी सोडेल. तेव्हा करार कंपनीशी आणि लेखी पाहिजे, किती वर्षांचा ते स्पष्ट पाहिजे. दर ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेवर, ठरणार असेल तर ब्रिक्स कोण मोजणार, तुमच्यासमोर मोजणार का, काढणीची तारीख कोण ठरवणार आणि त्यांनी आठ दिवस उशीर केला आणि मध्ये पाऊस झाला तर नुकसान कुणाचं, हे सगळं त्यात पाहिजे. पेमेंट किती दिवसांत ते तर पाहिजेच. अजून एक, वाईनला एकरी माल मुद्दाम कमी ठेवायला सांगतात, घड काढून टाकायला लावतात, त्यामुळं सोनाकाच्या टनेजवर हिशोब मांडू नका. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, जात आणि खुंट (ज्यावर वेलीचं कलम बांधतात तो) कुठला घ्यायचा ते तिथं विचारा, डॉगरिज खुंट सगळीकडं चालतो असं समजू नका. आणि मित्राला करार मागायला लाजू नका. माझे तिन्ही दोस्त त्यांच्या सख्ख्या चुलतभावांशी सुद्धा लेखी करार करतात, आणि त्यामुळंच ते दिवाळीला एका पंगतीला बसू शकतात.

प्रश्न: सुपरमार्केटमध्ये वाईन विकायची असं सरकारनं ठरवलं होतं तेव्हा तुमचे हे दोस्त तिकडच्या बाजूला होते ना? मग तुमची दोस्ती टिकली कशी? (एक वाचक, कागल)

उत्तर: रोखठोक विचारलंत, तसंच सांगतो. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळानं निर्णय घेतला होता, हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानात वेगळ्या कपाटात वाईन विकता येईल असा. खूप विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि तो निर्णय पुढं अमलात आलाच नाही. पण तेव्हाचे ते आठ-पंधरा दिवस आमच्यासाठी वाईट गेले. माझ्या दोस्तांना वाटत होतं, छोट्या वाइनरीला वाईन शॉपमध्ये व्हिस्की-बिअरच्या गर्दीत जागा मिळत नाही, बायका-माणसं वाईन शॉपच्या काऊंटरला यायला संकोचतात, किराणा घेता घेता बाटली घेतली तर शेतकऱ्याचा माल खपेल. मला वाटत होतं, मी लायसन्स फी भरतो, रजिस्टर लिहितो, ड्राय डे पाळतो, पोरासोरांना परत पाठवतो, आणि ही जबाबदारी बिस्किटं विकणारा कोण घेणार? फोनवर आवाज चढले. एकाशी महिनाभर बोलणं नव्हतं.

पण त्याचं एक म्हणणं माझ्या डोक्यात राहिलं, बायका संकोचतात हे. खोटं नव्हतं ते. मी दुकानाची रचना बदलली, वाईनचा भाग वेगळा केला, उजेड वाढवला, आत येऊन स्वतः बाटली हातात घेऊन बघता येईल असं केलं. त्या नवरात्रात तो आला आणि दुकानात पाऊल टाकल्यावर इकडंतिकडं बघत राहिला. काही बोलला नाही, मीही नाही. सुपरमार्केटबद्दल आमचं मत आजही जुळत नाही.

प्रश्न: काका, वाईनमेकर मित्रानं दिलेली रेडची बाटली उघडली तर ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास. त्याला सांगू का? वाईट वाटेल त्याला. आणि तांबड्या रश्शाबरोबर कुठली वाईन प्यावी तेही सांगा. (गडहिंग्लज)

उत्तर: सांगा, आजच सांगा. हा वास बुचातल्या दोषाचा असतो, त्यात मित्राची चूक नसते आणि प्यायला अपायही नाही, पण चव गेलेली असते. लेबलवरचा बॅच नंबर त्याला कळवा, एकाच लॉटची बुचं खराब असतील तर त्याला बाकीच्या बाटल्या तपासता येतील.

मला एकदा मे महिन्यात एका दोस्ताचा माल आला, ट्रक वाटेत दोन दिवस उन्हात उभा राहिलेला. पेटी उघडली तर बुचं कॅपला आतून वर ढकलत होती. चाखली तर जॅम शिजवल्यासारखी लागत होती. रात्री दहाला फोन केला. तो चिडला, माझा माल असा नसतोच म्हणाला आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी तो दारात होता, काऊंटरवर सहा बाटल्या उघडल्या, एकेक चाखली, एकेक मोरीत ओतली. सहावी ओतताना त्याचे डोळे भरून आले होते, कारण ती एका चांगल्या वर्षाची वाईन होती. सगळा लॉट परत नेला. तेव्हापासून मार्चनंतर त्याची गाडी रात्रीच निघते.

रश्शाचं म्हणाल तर तांबड्याबरोबर जड, तुरट रेड घेऊ नका, तुरटपणा आणि अल्कोहोल मिळून मिरचीची आग अजून भडकवतात. किंचित गोडसर शेनिन ब्लां ही व्हाईट किंवा गुलाबी रोझे चांगली गार करून घ्या. पांढऱ्या रश्शाला नारळाच्या दुधाचा स्निग्धपणा असतो, तिथं शार्डोने ही व्हाईट छान लागते. मटण सुक्कं असेल आणि तिखट बेताचं असेल तर हलकी रेड चालते, ती पण पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून, आपल्याकडच्या उन्हाळ्यात रूम टेंपरेचर म्हणजे पस्तीस डिग्री होतं. उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. आणि दारू पिण्याचं सरकारी परमिट काढलेलं असू द्या.